गाणारा नट कुठं गेला? मास्टर दीनानाथ आणि आपण

हॉस्टेलमधल्या माझ्या रूममेटला कोरियन मालिकांचं वेड आहे. एका रात्री तिनं मला जबरदस्तीनं 'माय मिस्टर' दाखवायला सुरुवात केली. त्यातली कर्जात बुडालेली, आजीला सांभाळणारी, कधी न हसणारी मुलगी बघून मी म्हटलं, काय काम करते गं ही! रूममेट म्हणाली, "अगं, ही मुळात गायिका आहे. आययू. गाते पण, लिहिते पण, आणि अभिनय पण करते. असं आपल्याकडं कुठं असतं?"

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. पण झोपताना एक जुनी गोष्ट आठवली. मी सातवीत असताना पप्पांनी आम्हाला पणजीला कला अकादमीत तियात्र बघायला नेलं होतं. आमचं गाव जोयडा तालुक्यात, गोव्याची हद्द जवळ, त्यामुळे फेस्ताला आणि तियात्राला गोव्यात जाणं आमच्या घरी नवीन नाही. त्या नाट्यगृहावर नाव होतं – मास्टर दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. मी विचारलं, हे कोण? पप्पा म्हणाले, "लता मंगेशकरांचे वडील." एवढ्यावर विषय संपला. पुढं मराठी साहित्याच्या वर्गात संगीत नाटक शिकताना कळलं की 'लताचे वडील' ही ओळख फारच अपुरी आहे. ते स्वतः त्या काळचे मोठे गायक, मोठे नट, नाटक कंपनीचे मालक आणि शेवटी चित्रपटाचे निर्मातेही होते. रूममेटच्या प्रश्नाचं उत्तर त्या नाट्यगृहाच्या नावातच होतं.

हा लेख त्या उत्तरासाठी आहे. दीनानाथ थोर होते एवढंच सांगण्यासाठी मात्र तो लिहिलेला नाही. गाणं आणि अभिनय दोन्ही एकाच माणसात असणं हे नुसत्या देवाच्या देणगीवर ठरत नाही. त्या त्या काळातली व्यवस्था असा माणूस घडवते, आणि व्यवस्था बदलली की त्याचे दोन तुकडेही करते. दीनानाथांच्या कारकिर्दीत हे दोन्ही झालेलं दिसतं.

आधी नट गात नव्हता

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करूया. उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावर यक्षगान पाहिलं नाही असा माणूस विरळा. यक्षगानात भागवत मागे बसून गातो. समोरचा वेषधारी नाचतो आणि संवाद बोलतो. म्हणजे गळा एकाचा, अंग दुसऱ्याचं. याच भागातली एक भागवत मंडळी १८४०च्या सुमाराला सांगलीला गेली. तिथले अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तो खेळ पाहिला आणि असं काही मराठीत करा म्हणून आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यातून १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो याच नाटकामुळे. मराठी नाटकाच्या जन्माला आपल्या जिल्ह्याचा हात लागलेला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

भाव्यांच्या नाटकातही पदं सूत्रधारच म्हणायचा. पात्रं हावभाव आणि भाषण करायची. हे बदललं ते अण्णासाहेब किर्लोस्करांनी. तेही आपल्या शेजारचेच, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांनी 'संगीत शाकुंतल' केलं. यात शकुंतलेचं गाणं शकुंतलाच म्हणते, दुष्यंताचं दुष्यंत. किर्लोस्करांनी ही पद्धत रूढ केली आणि मराठी रंगभूमीला एक नवीन प्राणी मिळाला – गाणारा नट.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळी माईक नव्हता. गळा असा हवा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द कळावा. शास्त्रीय रागदारी यायला हवी. आणि स्त्रिया रंगमंचावर नसल्यामुळे रूप असं हवं की मुलगा लुगडं नेसून नायिका म्हणून शोभावा. एवढं सगळं एका माणसात आपोआप सापडत नाही. ते घडवावं लागतं. त्यासाठी नाटक कंपन्या होत्या.

कंपनी म्हणजे काय होतं?

कंपनी म्हणजे चालतंफिरतं गाव. एका शहरात मुक्काम टाकायचा, बिऱ्हाडाला घर घ्यायचं, पडदे टांगायचे, महिना-दोन महिने खेळ करायचे आणि पुढच्या गावाला जायचं. नट, पेटीवाला, तबलजी, सारंगिया, पडदे रंगवणारे, कपडेवाले, स्वयंपाकी सगळे एकत्र राहायचे. गोड गळ्याचा पोरगा दिसला की त्याला कंपनीत आणायचं. त्याला गवई गाणं शिकवायचा, तालीममास्तर चालणं-बोलणं शिकवायचा. जेवणखाण कंपनीचं. आधी छोटा पार्ट, मग स्त्रीपार्ट, आणि आवाज टिकला तर पुढं नायक.

आपला भाग या कंपन्यांच्या वाटेवरचा होता. केशवराव भोसल्यांनी 'ललितकलादर्श' ही कंपनी काढली ती हुबळीत, १ जानेवारी १९०८ला. त्या वेळी ते अठरा वर्षांचेही नव्हते. कुंदगोळचे सवाई गंधर्व, म्हणजे पंडित भीमसेन जोशींचे गुरू, घरी कन्नड बोलणारे. पण मराठी नाटकांतून त्यांनी भूमिका केल्या आणि पदं गायिली. भाषेवरून आज जी भांडणं होतात ती त्या वेळी रंगमंचावर तरी पोचलेली दिसत नाहीत.

आता आययूकडं परत या. तिचं पहिलं गाणं २००८ साली आलं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. कोरियात कंपन्या लहान मुलामुलींना ऑडिशन घेऊन निवडतात. ती मुलं 'ट्रेनी' म्हणून राहतात. गाणं, नाच, कॅमेऱ्यासमोर वावरणं, परकी भाषा, सगळं शिकतात. वर्षानुवर्षं तालीम झाल्यावर काहींना संधी मिळते, बाकीचे घरी जातात. मालिकांचं क्षेत्र आणि गाण्याचं क्षेत्र शेजारीशेजारी असल्यामुळे लोकप्रिय गायकाला अभिनयाची दारं उघडतात. २०११ला आययू 'ड्रीम हाय' मालिकेत आली, २०१८ला 'माय मिस्टर', २०१९ला 'हॉटेल देल लुना', २०२२ला 'ब्रोकर' हा चित्रपट. अभिनयासाठी तिनं कित्येकदा ली जी-उन हे आपलं मूळ नाव वापरलं आहे. एकाच माणसाची दोन कामं, आणि दोन नावं.

म्हणजे सोल शहरातली ट्रेनी आणि किर्लोस्कर कंपनीतला पोरगा यांच्यात शंभर वर्षांचं अंतर असलं तरी साचा ओळखीचा आहे.

मंगेशीचा मुलगा

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९००चा, गोव्यातल्या मंगेशीचा. आई येसूबाई मंगेशाच्या देवळाशी जोडलेल्या कलावंत घराण्यातल्या. गाणं घरातच होतं. गावावरून त्यांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज सरकार. गोव्यातून घाटावर यायचं तर आगगाडी एकच – मुरगावहून कुळे, दूधसागर आणि वर आपलं कॅसलरॉक. त्या काळात गोव्याचे कितीतरी गवई आणि नट मराठी मुलखात गेले, म्हणून मला कॅसलरॉकचं स्टेशन नेहमी थोडं वेगळं वाटतं.

१९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून बाहेर पडले. गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मराठी रंगभूमीचा सर्वांत लाडका स्त्रीपार्टी नट गेला म्हटल्यावर किर्लोस्कर कंपनीला मोठंच खिंडार पडलं. पुढच्याच वर्षी, १९१४ला, तेराचौदा वर्षांचे दीनानाथ किर्लोस्करमध्ये आले. विचार करा, ज्या कंपनीत कालपर्यंत बालगंधर्व गात होते तिथं उभं राहायचं. लोक तुलना करणारच. कोणी दुसरा असता तर त्यानं बालगंधर्वांची नक्कल केली असती. दीनानाथांनी ती केली नाही. बालगंधर्वांचं गाणं लडिवाळ, भावाला चिकटून जाणारं. दीनानाथांचं गाणं तेज, चपळ, अचानक उसळी घेणारं. तान अशी यायची की ऐकणारा दचकावा. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आज इंटरनेटवर मिळतात. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, खरखर भरपूर, पण मी हेडफोन लावून ऐकल्या तेव्हा खरोखरच दचकले.

बळवंत मंडळी

१९१८ला दीनानाथ किर्लोस्करमधून बाहेर पडले. सोबत चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे. तिघांनी मिळून बळवंत संगीत मंडळी काढली. दीनानाथ अठराचेही झाले नव्हते. कोरियाच्या चाहत्यांना इथं २००९ आठवेल. त्या वर्षी एका पाच जणांच्या लोकप्रिय बँडमधले तिघे आपल्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेले, कारण करार १३ वर्षांचा होता. त्याच वर्षी तिथल्या सरकारी आयोगानं ७ वर्षांच्या मुदतीचा आदर्श करार पुढं आणला. आपल्याकडं असे आयोग वगैरे नव्हते. कंपनीतला नट असमाधानी झाला की तो आपली कंपनी काढायचा. स्वातंत्र्य मिळायचं, पण पडद्याच्या खर्चापासून स्वयंपाक्याच्या पगारापर्यंत सगळं डोक्यावर यायचं.

बळवंत मंडळीला राम गणेश गडकऱ्यांचं 'भावबंधन' मिळालं. गडकऱ्यांनी ते अखेरच्या आजारपणात लिहून संपवलं आणि जानेवारी १९१९मध्ये ते गेले. या नाटकात दीनानाथ लतिका झाले. लतिका ही हट्टी, फटकळ, हुशार मुलगी. ज्यांनी 'भावबंधन' अभ्यासाला वाचलंय त्यांना माहीत आहे की ती भूमिका नुसती गोड दिसून भागणारी नाही. शब्दांच्या कोट्या, टोमणे, आणि शेवटी येणारं दुःख – सगळं पेलावं लागतं. तिच्यासमोर कोल्हटकरांचा घनश्याम, सूडानं पेटलेला. ही जोडी लोकांनी डोक्यावर घेतली.

याच दीनानाथांनी 'मानापमान'मधला धैर्यधरही केला. धैर्यधर म्हणजे सेनापती, पूर्ण पुरुषपार्ट. आज आपण 'व्हर्सटाईल' हा शब्द फार सहज वापरतो. मालिकेत खाष्ट सासू आणि चित्रपटात प्रेमळ आई केली की झाली व्हर्सटाईल. इथं एक माणूस एका रात्री लुगडं नेसून फटकळ तरुणी होतोय आणि दुसऱ्या रात्री शेला-पागोटं घालून सेनापती. दोन्ही वेळा माईकशिवाय गातोय. आणि पद आवडलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' म्हणून ओरडणार, तेव्हा तेच पद पुन्हा, पण जरा वेगळ्या तानांनी.

वीर वामनराव जोश्यांचं 'रणदुंदुभि' १९२७ला आलं. यात दीनानाथांची तेजस्विनी ही लढाऊ स्त्री. नाटकातली गोष्ट काल्पनिक राज्याची, पण पारतंत्र्यावरचं पद ऐकताना प्रेक्षकाला इंग्रज सरकारच दिसायचं. १९३१ला त्यांच्या कंपनीनं सावरकरांचं 'संन्यस्त खड्ग' रंगभूमीवर आणलं. तेव्हा सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अशा लेखकाचं नाटक करणं हे धाडसच. या दोन्ही नाटकांच्या चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या. वझेबुवा सावंतवाडीकडचे, पण बराच काळ त्यांचं वास्तव्य बेळगावात होतं. दीनानाथांना त्यांची तालीमही मिळाली. म्हणजे त्या तेजस्वी गाण्यात थोडं बेळगावही आहे, असं म्हणायला हरकत नाही!

मग काय बिघडलं?

दीनानाथांचा आवाज गेला नव्हता. ते म्हातारेही झाले नव्हते. १९३१ला ते अवघे तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. १९३२ला 'अयोध्येचा राजा' आला आणि पडदा मराठीही बोलू लागला.

आता हिशेब बघा. नाटक कंपनीला एका खेळासाठी सगळा लवाजमा रेल्वेनं न्यावा लागायचा, सगळ्यांना रोज जेवायला घालावं लागायचं, आणि नट आजारी पडला की खेळ बंद. बोलपटाची डब्यातली रिळं एकाच दिवशी दहा गावांत गाऊ शकत होती. तिकीटही स्वस्त. प्रेक्षक तिकडं वळला. रंगभूमीवरही वारं बदललं. १ जुलै १९३३ला 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आलं. खेळ आटोपशीर, पदं मोजकी, आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केलेल्या. त्यातल्या ज्योत्स्ना भोळे मूळच्या गोव्याच्याच, मंगेशीपासून जवळच असलेल्या बांदिवड्याच्या. स्त्रियांना रंगमंच मिळाला ही आनंदाचीच गोष्ट आहे, मी ती तक्रार म्हणून सांगत नाही. पण लुगडं नेसून गाणाऱ्या पुरुषाची गरज त्या दिवसापासून कमी होत गेली, हे खरं.

दीनानाथ हातावर हात ठेवून बसले नाहीत. बळवंत मंडळीनं सांगलीत स्वतःची चित्रपट कंपनी काढली आणि १९३४ला 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट आणला. म्हणजे तिसरं माध्यमही त्यांनी करून पाहिलं. चित्रपट चालला नाही. कर्ज झालं, कंपनी मोडली. बालगंधर्वांचंही फार वेगळं झालं नाही. १९३५ला त्यांनी प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथांची भूमिका केली, पण पडद्यावर ते रमले नाहीत.

मला इथं एक गोष्ट टोचते. आपण म्हणतो, माणसात गुण असले की त्याला कुठंही मरण नाही. दीनानाथांकडं गुण होते, मेहनत होती, नवं करून बघायची हिंमत होती. तरीही २४ एप्रिल १९४२ला पुण्यात ते गेले तेव्हा ४१ वर्षांचे होते, आणि घरात पाच लहान मुलं होती. थोरली लता बारा वर्षांची. नायकही तेच आणि मालकही तेच असल्यामुळे कंपनी बुडाली तेव्हा सगळंच एकदम बुडालं. सहकारी चिंतामणराव कोल्हटकरांनी पुढं आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'बहुरूपी'. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. व्हर्सटाईलला मराठी शब्द शोधत असाल तर मला तरी हाच सर्वांत आवडतो. पण खरा बहुरूपी गावोगाव सोंगं घेऊन पोट भरायचा, हेही त्या शब्दात आहेच.

दोन तुकडे

वडील गेले त्याच वर्षी लता मंगेशकर 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात छोट्या भूमिकेत दिसल्या. म्हणजे त्यांचीही सुरुवात गाणारी नटी म्हणूनच. अभिनय त्यांना आवडत नव्हता, घरासाठी त्यांनी तो केला. पण तोपर्यंत तंत्र बदललं होतं. १९३५ला कलकत्त्यात 'धूप छाँव' या चित्रपटात पार्श्वगायन वापरलं गेलं, आणि पुढं हीच रीत झाली. गाणार एक, ओठ हलवणार दुसरी. म्हणजे १८४३चा सूत्रधार परत आला, फक्त या वेळी तो पडद्यामागे लपला.

१९४९चा 'महल' आठवा. मधुबालाच्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या रेकॉर्डवर सुरुवातीला गायिकेचं नावच नव्हतं. तिथं छापलं होतं 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओकडं विचारणा केली तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढं आलं. ज्या दीनानाथांनी गळा आणि चेहरा दोन्ही प्रेक्षकांसमोर ठेवला, त्यांच्याच मुलीचा गळा दुसऱ्या चेहऱ्याला लावला गेला, आणि तिला आपल्या नावासाठी वाट पाहावी लागली. मग पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. विभागणीमुळे आपल्याला लता आणि आशा मिळाल्या, तेव्हा ती वाईटच होती असं म्हणणार तरी कसं? आशा भोसल्यांनी मात्र २०१३ला 'माई' या चित्रपटात मुख्य भूमिका केली, वयाच्या ७९व्या वर्षी. मला ते वाचून फार बरं वाटलं. कुठंतरी ती जुनी गाठ उरली होती.

आमच्याकडं ती तुटलीच नाही

आता तियात्राकडं येते. १७ एप्रिल १८९२ला मुंबईत लुकाझिन रिबेरो यांनी 'इटालियन भुरगो' केलं, तिथून कोंकणी तियात्र सुरू झालं. तियात्रात प्रवेशांच्या मध्ये 'कांतारां' होतात, आणि ती म्हणणारे त्याच मंडळीतले कलाकार. आता जो दारुड्या नवरा होता तोच पडद्यापुढं येऊन सरकारवर कांतार म्हणतो आणि लोक शिट्ट्या मारतात. तियात्रानं माईक घेतला, बँड घेतला, पण गाणारा आणि नट यांना वेगळं केलं नाही. सी. आल्वारिस, आल्फ्रेड रोज ही नावं आमच्या घरी फेस्ताच्या जेवणावर हमखास निघतात. दोघेही गाणारे, लिहिणारे आणि रंगमंचावर उभे राहणारे. पणजीच्या त्या संध्याकाळी मास्टर दीनानाथांच्या नावाच्या नाट्यगृहात मी गाणारे नट बघत होते, आणि मला ते कळतही नव्हतं.

घरी कोंकणी, शाळा मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी, असं वाढलेल्या आमच्यासारख्यांना 'एक काय ते ठरव' हे वाक्य फार ऐकावं लागतं. भाषेबाबत ऐकावं लागतं आणि कलेबाबतही. मी चर्चच्या कॉयरमध्ये गाते. आपल्या वाङ्मय मंडळाच्या एकांकिकेतही काम करते. कॉयरमधले सांगतात, नाटकात ओरडून आवाज बसेल. नाटकातले म्हणतात, गाणाऱ्यांना गद्य बोलता येत नाही. दोघांचं थोडंथोडं खरं असेल.

पण एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातल्या आपल्या एकांकिकेत आईचं जे गाणं होतं ते मी म्हटलं असं तुम्हा सगळ्यांना वाटलं. टाळ्याही मिळाल्या. ते गाणं मी दोन दिवस आधी हॉस्टेलच्या खोलीत मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. रंगमंचावर मी फक्त ओठ हलवले. गळा माझाच होता आणि चेहराही माझाच, तरी मी त्यांचे दोन तुकडे केले, कारण मला भीती वाटत होती. रडायचा प्रवेश झाल्यावर लगेच गायचं म्हणजे श्वास पुरणार नाही, सूर हलेल, लोक हसतील.

दीनानाथांबद्दल वाचताना हे मनात येत राहिलं. त्यांचाही सूर कधीतरी हलला असेल. कंपनीतल्या पोरांना त्यासाठी वर्षानुवर्षांची तालीम मिळायची. आपल्याकडं ती कंपनी नाही, सोलमधली ट्रेनिंगची इमारतही नाही. आपल्याकडं शनिवारी दुपारी रिकामा मिळणारा सेमिनार हॉल आहे आणि तीन पट्ट्या वाजत नसलेली एक पेटी आहे. पण शिकायला तेवढं पुरतं. माझ्यासारख्यांनी पुढं कोणती नोकरी करावी हे दीनानाथांच्या गोष्टीतून ठरणार नाही. उलट त्यांची गोष्ट तर सांगते की नुसत्या कलेवर संसार टाकताना दहा वेळा विचार करा. पण कॉलेजच्या तीन वर्षांत तरी कोणी स्वतःचे तुकडे करून घेऊ नयेत, असं मला वाटतं.

रूममेटला मी आता उत्तर दिलं आहे. तिला 'रणदुंदुभि'तल्या पदाची रेकॉर्ड ऐकवली. पहिल्या अर्ध्या मिनिटाला ती म्हणाली, किती खरखर आहे. मग गप्प झाली. संपल्यावर म्हणाली, "हे माईकशिवाय?"

यंदाच्या एकांकिकेची तालीम पुढच्या महिन्यात सुरू होईल. दिग्दर्शकाला मी सांगून ठेवलंय, या वेळी गाणं मोबाईलवर लावायचं नाही. रडून झाल्यावर श्वास कमी पडला तर पडू दे. पेटी वाजवायला येणारं कोणी असेल तर मंडळाकडं नाव द्या. तीन पट्ट्यांचं काय करायचं ते बघू.